संख्यात्मक लायब्ररीतील असर्शन

आज्ञावलीतील एखाद्या टप्प्यावर कोणती अट खरी असलीच पाहिजे हे सांगणाऱ्या आणि ती यंत्राकडून तपासून घेणाऱ्या विधानाला असर्शन म्हणतात. अट खोटी ठरल्यास आज्ञावली तेथेच थांबते किंवा चूक नोंदवते. समीकरणे सोडवणे, मॅट्रिक्सचे गुणाकार करणे, संकलन (इंटिग्रेशन) करणे, त्रिकोणमितीय फलांच्या किमती काढणे अशी कामे करणाऱ्या संख्यात्मक लायब्ररींमध्ये असर्शनांचा उपयोग मुख्यतः निघालेले उत्तर पुरेसे अचूक आहे की नाही हे पाहण्यासाठी होतो. संगणक बहुतेक वास्तव संख्या अंदाजेच साठवतो. त्यामुळे मिळालेले उत्तर आणि अपेक्षित उत्तर तंतोतंत समान असावे, ही अट बरोबर आज्ञावलीलाही अनेकदा पाळता येत नाही. म्हणून संख्यात्मक असर्शनात किती फरक चालेल हे आकड्यात सांगावे लागते. हा आकडा कशाच्या आधारे ठरवला आहे यावर त्या असर्शनाची उपयुक्तता अवलंबून असते.

संकल्पना

शालेय अंकगणितातील ताळा हे या कल्पनेचे सर्वांत परिचित रूप होय. भागाकार केल्यावर भाजक × भागाकार + बाकी = भाज्य हे पडताळून पाहिले जाते. ताळा मूळ गणितापेक्षा वेगळ्या मार्गाने केला जातो आणि सहसा त्याहून सोपा असतो. चूक झाली असल्यास ताळा तिची सूचना देतो, पण ती कोठे झाली हे सांगत नाही. ताळा जमला म्हणून उत्तर बरोबरच असेल असेही नाही, कारण दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. हे सर्व गुणदोष असर्शनालाही लागू पडतात.

असर्शनांचे सामान्यतः तीन प्रकार केले जातात. काम सुरू होण्याआधी जी खरी असावी ती पूर्वअट, काम संपल्यावर जी खरी असावी ती उत्तरअट आणि आवर्तनाच्या प्रत्येक फेरीत जी कायम राहावी ती अविकारी अट. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनची पूर्वअट म्हणजे दिलेली संख्या ऋण नसणे. मिळालेल्या उत्तराचा वर्ग मूळ संख्येच्या पुरेसा जवळ असणे ही त्याची उत्तरअट. हेच वर्गमूळ मध्यांतर दुभागून शोधले जात असेल, तर प्रत्येक फेरीत मूळ मध्यांतराच्या दोन टोकांच्या दरम्यानच असणे ही अविकारी अट होय.

इतिहास

हर्मन गोल्डस्टाइन व जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकासाठी आज्ञावली आखण्याविषयी लिहिलेल्या अहवालांत प्रवाह आकृतीमध्ये असर्शनाच्या चौकटी वापरल्या होत्या. ॲलन ट्युरिंग यांनी २४ जून १९४९ रोजी केंब्रिज येथील परिषदेत मोठी आज्ञावली कशी तपासावी यावर निबंध वाचला. त्यांनी त्यात बेरजेचा दाखला दिला. बेरीज करताना हातचे लिहून ठेवले, तर तपासणाऱ्याला प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे पडताळता येतो आणि संपूर्ण बेरीज एका दमात तपासावी लागत नाही. त्याचप्रमाणे आज्ञावली लिहिणाऱ्याने टप्प्याटप्प्यावर विधाने नोंदवून ठेवावीत आणि तपासणाऱ्याने ती एकेक करून पडताळावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) व टोनी होअर (१९६९) यांनी या कल्पनेला तर्कशास्त्राची बैठक दिली. १९८० च्या दशकात बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल या भाषेत पूर्वअटी व उत्तरअटी भाषेचाच भाग केल्या. सी भाषेत 'असर्ट' हा मॅक्रो आणि पायथनमध्ये त्याच नावाचे विधान उपलब्ध आहे.

संख्यात्मक बाजूने जेम्स विल्किन्सन यांचे त्रुटीविषयक कार्य पायाभूत मानले जाते. काढलेले उत्तर हे मूळ प्रश्नाचे नसले, तरी मूळ प्रश्नाच्या अगदी निकटच्या कोणत्या तरी प्रश्नाचे अचूक उत्तर आहे का, असा विचार त्यांनी रूढ केला. त्यांना १९७० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ साली आयट्रिपलई ७५४ हे मानक आले. त्याआधी निरनिराळ्या यंत्रांचे अंकगणित निरनिराळे असे. मानकामुळे त्रुटीची मर्यादा सर्व यंत्रांसाठी एकाच भाषेत लिहिणे शक्य झाले.

तंतोतंत समानता का चालत नाही

आयट्रिपलई ७५४ मधील दुहेरी अचूकतेची संख्या ६४ बिटांत साठवली जाते आणि तिच्या सार्थ भागाची अचूकता ५३ बिटांची असते. दशमान पद्धतीत हे सुमारे १६ सार्थ अंक होतात. १ आणि त्यानंतरची लगतची संख्या यांतील अंतर २ चा −५२ वा घात, म्हणजे सुमारे २.२२ × १०^(−१६) इतके असते. याला यंत्र एप्सिलॉन म्हणतात. एकेरी अचूकतेत हेच अंतर सुमारे १.१९ × १०^(−७) असते.

०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत अनंत आवर्ती असल्याने तो तंतोतंत साठवता येत नाही. म्हणून दुहेरी अचूकतेत ०.१ + ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी छापली जाते आणि ती ०.३ च्या बरोबर आहे असे असर्शन खोटे ठरते. २ च्या वर्गमूळाचा वर्गही २ न येता २.०००००००००००००००४ येतो. या दोन्ही ठिकाणी आज्ञावलीत काहीही चुकलेले नसते.

संगणकावरील बेरजेला साहचर्याचा नियमही लागू नसतो. तीन संख्यांपैकी कोणत्या दोन आधी मिळवल्या यावर उत्तराचा शेवटचा अंक बदलू शकतो. त्यामुळे प्रोसेसर, कंपायलर किंवा समांतर चालणाऱ्या थ्रेडची संख्या बदलली, की तीच आज्ञावली किंचित निराळे उत्तर देऊ शकते. एका यंत्रावर मिळालेले सर्व अंक जसेच्या तसे अपेक्षित उत्तर म्हणून लिहून ठेवलेली चाचणी दुसऱ्या यंत्रावर विनाकारण नापास होते ती यामुळेच.

सहनमर्यादा

चालू शकणाऱ्या फरकाला सहनमर्यादा म्हणतात. ती निरपेक्ष किंवा सापेक्ष असते. निरपेक्ष मर्यादेत दोन संख्यांमधील फरक ठरावीक आकड्यापेक्षा कमी असावा लागतो, तर सापेक्ष मर्यादेत तो अपेक्षित संख्येच्या ठरावीक अंशापेक्षा कमी असावा लागतो.

पायथनच्या नमपाय या लायब्ररीत दोन्ही एकत्र करून पुढील अट वापरली जाते:

|मिळालेले − अपेक्षित| ≤ निरपेक्ष मर्यादा + सापेक्ष मर्यादा × |अपेक्षित|

नमपायमधील 'ऑलक्लोज' या फंक्शनमध्ये वेगळे काही सांगितले नसेल, तर सापेक्ष मर्यादा लाखात एक आणि निरपेक्ष मर्यादा दहा कोटीत एक धरली जाते. नेहमीच्या आकाराच्या संख्यांसाठी हे सोयीचे असले, तरी अतिलहान संख्यांसाठी दिशाभूल करणारे ठरते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड आहे. परंतु दोघांची वस्तुमाने किलोग्रॅममध्ये लिहिल्यास दशांश चिन्हानंतर अनुक्रमे २६ व ३० शून्ये येतात आणि वरील अटीनुसार ती दोन वस्तुमाने समान ठरतात.

चाचण्यांसाठी असलेल्या 'असर्ट ऑलक्लोज' या फंक्शनमध्ये सापेक्ष मर्यादा कोटीत एक आणि निरपेक्ष मर्यादा शून्य असते. येथे अडचण उलट बाजूने येते. अपेक्षित उत्तर शून्य असेल, तर अटीची उजवी बाजूही शून्य होते. दुहेरी अचूकतेत पायची साइन किंमत सुमारे १.२२ × १०^(−१६) येते. पायची साठवलेली किंमतच अंदाजे असल्याने हे उत्तर योग्य आहे, तरी ते शून्याशी ताडून पाहिल्यास असर्शन फसते. अशा वेळी निरपेक्ष मर्यादा स्पष्टपणे द्यावी लागते.

वरील अटीत मिळालेली आणि अपेक्षित या दोन संख्यांचे स्थान सारखे नाही. त्यांची अदलाबदल केल्यास सीमेवरील निर्णय बदलू शकतो. पायथनच्या ३.५ व्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या 'मॅथ इजक्लोज' या फंक्शनमध्ये दोहोंपैकी मोठे केवल मूल्य धरले जात असल्याने तेथे हा प्रश्न येत नाही. त्यात सापेक्ष मर्यादा अब्जात एक आणि निरपेक्ष मर्यादा शून्य असते.

तिसरी पद्धत म्हणजे दोन उत्तरांमध्ये साठवता येण्याजोग्या किती संख्यांचे अंतर आहे हे मोजणे. या अंतराच्या एककाला 'यूएलपी' म्हणजे शेवटच्या स्थानाचे एकक म्हणतात. लगतच्या दोन संख्यांमधील अंतर संख्येच्या आकाराप्रमाणे वाढत जाते. दुहेरी अचूकतेत ९००७१९९२५४७४०९९२ या संख्येनंतर ते २ होते, म्हणजे त्यापुढील विषम पूर्णांक साठवताच येत नाहीत. साइन, लॉगरिथम यांसारख्या मूलभूत फलांची तपासणी बहुधा यूएलपीमध्ये केली जाते.

मर्यादा ठरवण्याची पद्धत

सहनमर्यादा गणितावरून ठरवता येते. संख्यांची एकापुढे एक अशी साधी बेरीज केल्यास जास्तीत जास्त त्रुटी स्थूलमानाने संख्यांच्या संगतीने वाढते. दुहेरी अचूकतेत १० लाख धन संख्यांच्या बेरजेत सापेक्ष त्रुटीची वरची मर्यादा सुमारे १०^(−१०) येते. संख्या जोडीजोडीने मिळवल्यास ही वाढ बरीच मंदावते. कोणती रीत वापरली आहे हे ठाऊक असल्याखेरीज योग्य मर्यादा सांगता येत नाही.

असर्शन फसल्यावर ते पास होईपर्यंत मर्यादा सैल करत जाणे घातक समजले जाते. उदाहरणार्थ, विचरण काढताना संख्यांच्या नगाने भागणे आणि नगापेक्षा एकने कमी संख्येने भागणे ही दोन वेगळी सूत्रे आहेत. १० लाख नोंदींवर त्यांच्या उत्तरांत फक्त १० लाखात एक इतका फरक पडतो. लाखात एकची मर्यादा असलेली चाचणी त्यामुळे चुकीच्या सूत्रालाही पास करते. हीच चाचणी १० नोंदींवर घेतली, तर फरक सुमारे ११ टक्के येतो आणि चूक लगेच उघड होते. लहान उदाहरण आणि घट्ट मर्यादा यांची जोडी म्हणूनच अनेकदा अधिक उपयोगी ठरते.

उत्तर कशाशी ताडून पाहावे

संख्यात्मक आज्ञावली बहुतेकदा उत्तर आधी ठाऊक नसलेल्या प्रश्नांसाठीच लिहिली जाते. तरीही ताडून पाहण्याचे काही मार्ग उपलब्ध आहेत.

ज्ञात उत्तरे: ज्या प्रश्नांचे उत्तर सूत्राने काढता येते ते आज्ञावलीला देऊन पाहणे.

अधिक अचूकतेची गणना: तेच उत्तर ५० किंवा १०० अंकांपर्यंत काढून त्याच्याशी तुलना करणे. पायथनमधील एमपीमॅथ ही लायब्ररी यासाठी वापरली जाते.

नित्य समीकरणे: कोणत्याही कोनासाठी साइनचा वर्ग आणि कोसाइनचा वर्ग यांची बेरीज १ असणे, किंवा मॅट्रिक्सला तिच्या व्यस्ताने गुणल्यास एकक मॅट्रिक्स मिळणे.

त्रुटी घटण्याचा वेग: समलंब चौकोनाच्या रीतीने ० ते १ या मर्यादांमध्ये क्ष च्या वर्गाचे संकलन केल्यास १० भागांसाठी ०.३३५ आणि २० भागांसाठी ०.३३३७५ येते. खरे उत्तर एक तृतीयांश आहे. भाग दुप्पट केल्यावर त्रुटी चौपटीने घटली पाहिजे असे सिद्धान्त सांगतो आणि येथे तसेच होते. आज्ञावलीत एखादे टोक गाळले गेले असेल, तर भाग वाढवल्यावर उत्तर खऱ्याकडे सरकते, पण त्रुटी या वेगाने घटत नाही. म्हणून ही चाचणी नुसत्या 'जवळ आहे' या अटीपेक्षा कडक आहे.

यादृच्छिक तपासणी: दोन मॅट्रिक्सचा गुणाकार पुन्हा करून पाहणे खर्चिक असते. फ्रायवाल्ड्स यांच्या १९७७ मधील रीतीत ० व १ यांचा यादृच्छिक सदिश घेऊन दोन्ही बाजूंना तो लावला जातो. चुकीचा गुणाकार एका तपासणीतून निसटण्याची संभाव्यता जास्तीत जास्त निम्मी असते, त्यामुळे १० स्वतंत्र तपासण्यांतून निसटण्याची संभाव्यता १०२४ मध्ये १ पेक्षा अधिक नसते. अंदाजे संख्यांसाठी या रीतीतही सहनमर्यादा द्यावी लागते.

शेष आणि कंडिशन नंबर

रेषीय समीकरणांचे उत्तर मूळ समीकरणांत घालून डावी व उजवी बाजू यांतील फरक पाहणे हा त्यांचा ताळा होय. या फरकाला शेष म्हणतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या लॅपॅक या लायब्ररीच्या चाचण्यांमध्ये शेषाला मॅट्रिक्सचे मान, उत्तराचे मान आणि यंत्र एप्सिलॉन यांनी भागले जाते. येणारे गुणोत्तर ठरावीक उंबरठ्याखाली असावे, एवढीच अट असते. त्यामुळे एकच उंबरठा लहानमोठ्या सर्व आकड्यांना लागू करता येतो.

मात्र शेष लहान असला, म्हणजे उत्तर खऱ्या उत्तराच्या जवळ असेलच असे नाही. १० × १० आकाराच्या हिल्बर्ट मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर सुमारे १.६ × १०^(१३) आहे. अशा समीकरणांत शेष अत्यल्प असूनही उत्तराच्या १६ पैकी सुमारे १३ सार्थ अंक अविश्वसनीय ठरू शकतात. हा दोष आज्ञावलीचा नसून प्रश्नाचाच असतो. म्हणून येथे उत्तराच्या जवळिकीची अट घातल्यास चांगली आज्ञावली नापास होते. शेषाची अट घालणे योग्य असते आणि कंडिशन नंबर वेगळा कळवला जातो.

याउलट परिस्थितीही उद्भवते. क्ष ची किंमत १०^(−८) असताना १ वजा कोसाइन क्ष याचे खरे उत्तर सुमारे ५ × १०^(−१७) आहे. दुहेरी अचूकतेत कोसाइन बरोबर १ येत असल्याने वजाबाकी शून्य येते आणि उत्तराचा एकही अंक शिल्लक राहत नाही. निरपेक्ष मर्यादेचे असर्शन हे पास करते, तर सापेक्ष मर्यादेचे असर्शन पकडते. येथे दोष सूत्रात आहे. तेच उत्तर क्ष च्या निमपटीच्या साइनच्या वर्गाची दुप्पट करून काढल्यास अचूक येते.

नॅन

शून्य भागिले शून्य यासारख्या क्रियेचे उत्तर 'नॅन' म्हणजे 'संख्या नव्हे' असे येते. नॅन स्वतःच्याही बरोबर नसतो आणि त्याच्याशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. त्यामुळे असर्शनाच्या शब्दरचनेला महत्त्व येते. 'त्रुटी मर्यादेपेक्षा कमी किंवा तितकीच आहे' अशी अट नॅन आल्यास फसते आणि चूक उघडकीस येते. 'त्रुटी मर्यादेपेक्षा जास्त असल्यास थांबा' अशी रचना केल्यास तोच नॅन बिनबोभाट पुढे जातो. कागदावर दोन्हींचा अर्थ सारखाच वाटतो.

'ऑलक्लोज' दोन नॅन असमान मानते, तर 'असर्ट ऑलक्लोज' ते समान मानते. जीसीसी कंपायलरचा 'फास्ट मॅथ' पर्याय निवडल्यास नॅन कधी येणारच नाही असे गृहीत धरले जाते. त्यामुळे नॅन शोधणारी तपासणीच निरुपयोगी होऊ शकते.

चाचणीतील आणि चालू आज्ञावलीतील असर्शने

चाचणीतील असर्शने लायब्ररीच्या बाहेर असतात व ती प्रसिद्धीपूर्वी चालवली जातात. लायब्ररीच्या आतील असर्शने प्रत्यक्ष वापराच्या वेळी चालतात. ही दुसरी असर्शने काढून टाकण्याची सोय भाषांमध्येच असते. सी भाषेत 'एनडीबग' हे नाव व्याख्यित केल्यास आणि पायथन 'ओ' या पर्यायासह चालवल्यास सर्व साधी असर्ट विधाने वगळली जातात. म्हणून वापरकर्त्याने दिलेली माहिती तपासण्याचे काम असर्ट विधानावर सोपवत नाहीत. त्यासाठी अपवाद (एक्सेप्शन) किंवा स्थितिदर्शक संख्या वापरतात. लॅपॅकमध्ये 'इन्फो' हा चल शून्य असल्यास काम पूर्ण झाले, ऋण असल्यास दिलेल्या घटकांपैकी एखादा अयोग्य होता आणि धन असल्यास गणनेतच अडथळा आला, असे समजते.

उल्लेखनीय घटना

१९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराचा दोष गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्यामुळे उजेडात आला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागल्यास उत्तर १.३३३८२०४४९ यायला हवे, तेथे १.३३३७३९०६८ येत असे. हाच भागाकार पुन्हा ३१४५७२७ ने गुणून मूळ संख्येतून वजा केल्यास शून्याऐवजी २५६ उरत. शाळेतील भागाकाराच्या ताळ्याने सापडेल असा हा दोष होता, परंतु तो मोजक्याच संख्यांच्या जोड्यांवर प्रकट होत असे. इंटेलने याप्रकरणी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात दाखवला.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणा दशांश सेकंदांत वेळ मोजत असे आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत तोडून वापरत असे. प्रत्येक वेळची त्रुटी नगण्य होती, पण सुमारे १०० तास सलग चालल्यावर ती ०.३४ सेकंदांपर्यंत साचली. थोडा वेळ चालणाऱ्या चाचणीत ही त्रुटी कोणत्याही वाजवी मर्यादेत बसली असती. त्यामुळे चाचणीचा कालावधी प्रत्यक्ष वापराइतका असण्याचे महत्त्व या घटनेवरून सांगितले जाते.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एरियान ४ वरून घेतलेल्या आज्ञावलीत ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. अशा पूर्णांकाची कमाल किंमत ३२७६७ असते आणि नव्या अग्निबाणाच्या वेगामुळे ती ओलांडली गेली. धोका असलेल्या ७ चलांपैकी ४ चलांना संरक्षण दिले होते, उरलेल्या ३ चलांना नव्हते. पूर्वअट लिहून ठेवली असती, तर पुनर्वापराच्या वेळी ती पडताळली गेली असती, असे मत बर्ट्रांड मेयर व जाँ-मार्क जेझेकेल यांनी मांडले. मात्र येथे यंत्रणेने चूक ओळखली होती आणि त्यामुळेच गणकयंत्र बंद केले होते. अट फसल्यावर काय करायचे हे ठरवणे हा अट लिहिण्याइतकाच महत्त्वाचा भाग असल्याचे या घटनेतून दिसते.

मर्यादा

असर्शन तपासलेल्या संख्यांपुरतेच बोलते, न तपासलेल्या संख्यांबाबत त्यावरून काही सिद्ध होत नाही. अपेक्षित उत्तर त्याच सूत्राने काढले असेल, तर सूत्रातील चूक दोन्हीकडे सारखीच येते व तुलना जमते. आज्ञावलीने गणित बरोबर केले की नाही हे असर्शनावरून समजू शकते, पण मुळात योग्य गणित निवडले होते की नाही हे त्यावरून ठरत नाही.

हे सुद्धा पहा

संख्यात्मक विश्लेषण
आयट्रिपलई ७५४
यंत्र एप्सिलॉन
नमपाय
सॉफ्टवेअर चाचणी